माणगावचे वीर सुपुत्र : व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे

ग्रामदेवतेच्या कृपेने आणि गावकरी, मुंबईकर मंडळी व देणगीदार यांच्या सहकार्याने आपल्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम पार पडले. जुना चौथरा उकलताना मातीत गाडला गेलेला एक कोरीव दगड बाहेर निघाला, हे सर्वांना ठाऊक आहेच. तो दगड म्हणजे वीरगळ होय. त्याच्या खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेऊन लढणारा पुरुष आहे. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेत आहेत. वरच्या चौकटीत तो शंकराच्या पिंडीपुढे हात जोडून बसला आहे आणि सर्वांत वर सूर्य-चंद्र कोरलेले आहेत. सूर्य-चंद्र आहेत तोवर या वीराची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. मात्र तो वीर कोण, कोणत्या लढाईत पडला, हे सांगणारे एक अक्षरही त्या दगडावर नाही. गावासाठी प्राण देणाऱ्याचे चित्र राहिले, नाव गेले.

त्या दगडाकडे पाहताना आपल्याच माणगाव तालुक्यातील एका तरुण सैनिकाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. त्याचे नाव मात्र सुदैवाने कागदोपत्री शाबूत आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचा जीवनवृत्तांत गावकऱ्यांपुढे, विशेषतः तरुण पिढीपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

यशवंतराव घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे झाला. त्या काळी आपला जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई. रायगड हे नाव जिल्ह्याला १९८१ साली मिळाले. सह्याद्रीच्या पायथ्याची ही सर्व गावे पावसाच्या भाताच्या एका पिकावर जगणारी. वरकस जमिनीत नाचणी-वरी, आणि चार महिने सरले की हाताला काम नाही. घरटी एक-दोन माणसे बाहेर पडली नाहीत तर चूल चालणे कठीण. त्यामुळे कोकणच्या तरुणापुढे दोन वाटा असत. एक मुंबईच्या गिरण्या-गोद्यांची आणि दुसरी पलटणीची. मनिऑर्डर मुंबईहून येवो वा छावणीतून, घरी तिची वाट सारखीच पाहिली जाई.

यशवंतरावांनी पलटणीची वाट धरली. ते पाचव्या मराठा लाईट इन्फन्ट्रीत दाखल झाले. या रेजिमेंटचे केंद्र बेळगावास होते आणि आजही आहे. कोकणातील व घाटावरील शेतकऱ्यांची मुले पिढ्यान् पिढ्या या पलटणीत जात आली आहेत. यशवंतराव तिच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. याच बटालियनने १९४१ साली आफ्रिकेतील एरिट्रिया देशात केरेन येथे इटालियन सैन्याविरुद्ध डोंगरावरची फार कठीण लढाई लढली होती. यशवंतराव पुढे नाईक झाले. नाईक म्हणजे सेक्शनचा नायक, आठ-दहा जवानांची तुकडी सांभाळणारा. ऐन तरुण वयातच दुसऱ्या घरांतील मुलांची जबाबदारी त्यांच्या शिरावर आली होती.

या ठिकाणी एका प्रश्नाला उत्तर देणे जरूर आहे. कित्येक जण विचारतात की, हा माणूस तर इंग्रजांच्या फौजेत होता, मग त्याचा गौरव आपण कशासाठी करावा? प्रश्न गैर नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा हिंदुस्थानच्या लोकांना न विचारताच व्हाइसरॉयने हा देशही युद्धात सामील असल्याचे जाहीर केले. १९४२ साली 'चले जाव'ची चळवळ पेटली. आपल्या शेजारच्या महाड गावी त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात मोर्चा निघाला व त्यावर गोळीबार होऊन माणसे हुतात्मा झाली. म्हणजे याच मुलखातील काही माणसे सरकारच्या गोळीने पडत होती आणि काही त्याच सरकारच्या वर्दीत परमुलखात लढत होती.

परंतु हेही लक्षात घेतले पाहिजे की, त्या महायुद्धात हिंदी सैन्यात सक्तीची भरती नव्हती. सुमारे २५ लाख माणसे आपण होऊन भरती झाली. कोणी पोटासाठी गेला, कोणी वाडवडिलांच्या चालीने गेला. त्यांच्यासमोर जे शत्रू होते ते हिटलर व मुसोलिनी यांचे सैन्य होते, आणि ते जिंकते तर जगाचे काय झाले असते हे आज शाळेतील मूलही जाणते. पुढे १९४७ साली देश स्वतंत्र झाला, तेव्हा त्याच सैन्यातून आपली भारतीय सेना उभी राहिली. यशवंतराव तो दिवस पाहण्यास राहिले नाहीत. वर्दी देणारे सरकार कोणाचे होते हा इतिहासाचा प्रश्न झाला. वर्दीच्या आत जो छातीचा कोट होता, तो आपल्या मातीचा होता. महाडच्या हुतात्म्यांपुढे आपण जसे नतमस्तक होतो, तसेच यशवंतरावांपुढेही व्हावे. त्यात एकाचे काढून दुसऱ्याला देण्यासारखे काही नाही.

आता युद्धाकडे वळू. दोस्त राष्ट्रांचे सैन्य जुलै १९४३ मध्ये सिसिली बेटावर उतरले आणि सप्टेंबरमध्ये इटलीच्या मुख्य भूमीवर. इटलीने शरणागती पत्करली, पण जर्मन सैन्याने देश सोडला नाही. इटली हा दक्षिणोत्तर लांबोळा देश असून त्याच्या पाठीच्या कण्यासारखा डोंगर आहे. एक डोंगर घेतला की पुढे दुसरा उभा. कॅसिनोच्या डोंगरासाठी जानेवारी ते मे १९४४ असे चार महिने घनघोर लढाई चालली. ४ जून १९४४ रोजी रोम शहर हाती आले. तेथून जर्मन सैन्य उत्तरेकडे हटू लागले. परंतु ते पळत नव्हते. उत्तरेच्या डोंगरात पक्क्या तटबंदीचे काम चालू होते, त्यासाठी वेळ मिळावा म्हणून ते टेकडी-टेकडीवर मशीनगनचे मोर्चे लावून पाठलाग करणाऱ्यांना अडवीत होते.

भारतीय सैन्याच्या चौथ्या, आठव्या व दहाव्या या तीन डिव्हिजन इटलीत लढल्या. ५० हजारांहून अधिक भारतीय सैनिक त्यांत होते. यशवंतरावांची बटालियन दहाव्या डिव्हिजनमध्ये होती. रोम शहरातून वाहणारी टायबर नदी उत्तरेच्या डोंगरात उगम पावते. तिच्या वरच्या खोऱ्यातून ही डिव्हिजन पुढे सरकत होती. जून १९४४ मध्ये पेरूजा शहर घेतले गेले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात टेकडीवर वसलेले माँतोने हे गाव घेतले गेले. दोन्ही बाजूंना उंच टेकड्या, मधून नदी, उतारावर द्राक्षमळे आणि प्रत्येक माथ्यावर शत्रू. डोंगर चढण्याची सवय असलेल्या मावळी पायांना हा मुलूख अवघड नव्हता, पण वरून गोळ्यांचा पाऊस पडत असे.

१० जुलै १९४४ हा तो दिवस. मराठ्यांच्या एका कंपनीने शत्रूच्या अतिशय मजबूत ठाण्यावर हल्ला चढविला. त्या हल्ल्यात नाईक यशवंत घाडगे यांचा रायफल सेक्शन होता. अगदी जवळच्या टप्प्यावरून त्यांच्यावर मशीनगनचा जबरदस्त मारा सुरू झाला. पाहता पाहता सेक्शनमधील एकूण एक जवान ठार किंवा जखमी होऊन पडला. उभे राहिले ते एकटे यशवंतराव.

अशा वेळी आडोसा घेऊन पडून राहिले असते तरी कोणी दोष दिला नसता. तुकडीच उरली नाही तर नायकाने कोणाला घेऊन लढावे? आपल्या मागून येण्यास आता कोणीही शिल्लक नाही हे यशवंतरावांना पुरते ठाऊक होते. तरीही क्षणाचा विलंब न लावता ते थेट त्या मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले. प्रथम त्यांनी हातबॉम्ब फेकला. त्याने मशीनगन आणि ती चालविणारा दोन्ही निकामी झाले. पुढे होऊन त्यांनी आपल्या टॉमीगनने आणखी एकाला गोळी घातली. इतक्यात बंदुकीतील गोळ्या संपल्या. नवे मॅगझीन चढविण्यास वेळ नव्हता. समोर अजून दोघे होते. यशवंतरावांनी बंदूक नळीकडून धरली आणि लाठीसारखी फिरवून त्या दोघांनाही ठार केले. मोर्चा ताब्यात आला. एका माणसाने तो घेतला होता.

परंतु आसपास दडून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. एक वार छातीत, एक पाठीत. जो मोर्चा त्यांनी एकट्याने जिंकला, त्याच मोर्चात यशवंतरावांनी प्राण ठेवला. वय अवघे बावीस वर्षांचे.

युद्धात माणूस माणसाला मारतो ही काही आनंदाची गोष्ट नव्हे. त्या मोर्चातील चौघेही कोणाचे तरी मुलगेच होते. पण ती मशीनगन चालू राहिली असती तर मागे जखमी होऊन पडलेल्यांपैकी व पाठोपाठ चढणाऱ्यांपैकी किती घरी परतले असते, याचा विचार केला म्हणजे यशवंतरावांच्या त्या धावण्याचे मोल समजते.

त्यांच्या शौर्याची दखल घेऊन त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. २ नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटमध्ये ती नोंद प्रसिद्ध झाली. व्हिक्टोरिया क्रॉस हे त्या सैन्यातील सर्वोच्च शौर्यपदक. १८५६ साली ते सुरू झाले, पण हिंदी सैनिकांना ते मिळण्याची मुभा १९११ पर्यंत नव्हती. पदक सोन्या-चांदीचे नसून साध्या काशाचे असते, आणि मोठमोठे सेनापतीही त्याला मान देतात. इटलीच्या लढायांत एकंदर २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. त्यांपैकी ६ भारतीय सैनिकांनी मिळविले आणि या सहांत मराठा पलटणीचे दोन होते. एक आपले यशवंतराव. दुसरे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमजचे शिपाई नामदेव जाधव. जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर पराक्रम केला आणि सुदैवाने ते जिवंत परत आले. यशवंतरावांचे पदक मात्र व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते त्यांच्या पत्नीने स्वीकारले. पदक हाती आले, माणूस आला नाही. त्या माऊलीच्या मनाची अवस्था काय झाली असेल, हे शब्दांत मांडण्याची या लेखकाची योग्यता नाही.

यशवंतरावांचा देह गावी आला नाही. सावित्रीच्या किंवा काळ नदीच्या काठी त्यांना अग्नी मिळाला नाही. इटलीतही त्यांची समाधी नाही. ज्या सैनिकांच्या समाधीचा ठावठिकाणा नाही, अशा चार हजारांहून अधिक जणांची नावे कॅसिनो येथील स्मारकावर कोरलेली आहेत. त्यांत आपल्या पळसगावच्या यशवंतरावांचे नाव आहे. इटलीच्या मोहिमेत ५,७८२ भारतीय सैनिकांनी प्राण दिले. त्यांतील किती जणांची नावे त्यांच्या गावांना माहीत असतील?

माणगाव येथे तहसील कचेरीसमोर यशवंतरावांचा पुतळा उभा आहे. तेथे दर वर्षी सैन्यातील अधिकारी व नागरिक त्यांना मानवंदना देतात. एरवी मात्र आपण सातबारा, उत्पन्नाचा दाखला, वारसनोंद अशा कामांच्या घाईत असतो. पुतळ्याजवळ उभे राहून कागद तपासतो, एस.टी.ची वेळ पाहतो आणि निघतो. तालुका कचेरीत नोकरी करणारा प्रस्तुत लेखकही याला अपवाद नव्हता. आयुष्यभर नावांच्या नोंदी करणाऱ्या माणसाने समोरच्या नावाची नोंद मनात उशिरा घेतली, याची खंत वाटते.

आणि परक्या मुलखातील लोकांनी काय केले पाहा. जुलै २०२३ मध्ये इटलीतील माँतोने या गावाने व तेथील लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी इटलीत लढलेल्या भारतीय सेनेच्या सन्मानार्थ एक स्मारक उभारले. त्याला नाव दिले यशवंत घाडगे यांचे. हे स्मारक म्हणजे एक सूर्यघड्याळ आहे. उन्हाची सावली फिरते व वेळ दाखविते. आपण सर्व जण एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे वचन त्यावर आहे. ज्या गावाने यशवंतरावांना कधी जिवंत ओळखले नाही, त्या गावाने ७९ वर्षांनंतर त्यांचे नाव उन्हात मांडून ठेवले. आपल्या पूर्वजांनी वीरगळावर सूर्य कोरला, तोच हा सूर्य.

आपल्या नव्या सभामंडपात देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी बसत आहे, ती योग्यच आहे. ज्यांनी घामाचा पैसा देवकार्यास दिला त्यांची नावे राहिलीच पाहिजेत. समितीला व गावकऱ्यांना हात जोडून एवढीच विनंती आहे की, चौथऱ्यातून निघालेला वीरगळ पुन्हा भरावात न टाकता देवळाच्या आवारात सन्मानाने उभा करावा. त्याच्या शेजारी एक लहानशी पाटी लावावी आणि आपल्या गावातून पलटणीत जाऊन परत न आलेल्या माणसांची नावे, वयस्क मंडळींना विचारून, तीवर लिहावीत. पाटीला खर्च थोडा येईल, पण ती नावे सांगणारी माणसे गेली की मग पैसा असूनही ती नावे मिळणार नाहीत.

पळसगावचे वीर सुपुत्र नाईक यशवंत घाडगे यांच्या पवित्र स्मृतीस, तसेच नाव नसलेल्या आपल्या वीरगळाच्या त्या वीरास, ग्रामस्थांच्या वतीने विनम्र अभिवादन.