ऑयगेन झेंगर : अतिवेगी उड्डाणाचा आद्य अभ्यासक

१. प्रास्ताविक

चरित्रात्मक लेखन म्हणजे केवळ जन्म, शिक्षण, कार्य आणि मृत्यू यांची नोंद नव्हे. व्यक्तीने मनाशी धरलेले ध्येय, तिच्या काळाने त्या ध्येयाला दिलेले वळण आणि तिच्या पश्चात त्या कार्याचे झालेले परिणाम यांचा परस्परसंबंध चरित्रकाराला उलगडावा लागतो. या घटकात आपण ऑस्ट्रियात वाढलेले अभियंते ऑयगेन झेंगर यांचे चरित्र अभ्यासणार आहोत. ध्वनीच्या वेगाच्या पाचपट किंवा त्याहून अधिक वेगाने जाणाऱ्या, म्हणजेच हायपरसॉनिक क्षेपणास्त्रांची आज राष्ट्राराष्ट्रांत जी स्पर्धा चालू आहे, तिच्या मुळाशी जे मोजके गणिती विचार आहेत, त्यांतील एक झेंगर यांचा आहे. झेंगर यांना मात्र माणसाला अंतराळात नेणारे विमान बांधायचे होते. अंतराळविमानाचे स्वप्न आणि त्यातून निपजलेले शस्त्र यांमधील अंतर हाच या चरित्राचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

२. बालपण आणि शिक्षण

ऑयगेन झेंगर यांचा जन्म २२ सप्टेंबर १९०५ रोजी बोहेमियातील प्रेसनिट्स या लहानशा गावी झाला. हा प्रदेश तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. पहिल्या महायुद्धानंतर ते साम्राज्य लयाला गेले आणि गाव चेकोस्लोव्हाकियात गेले. पुढे १९७०च्या दशकात एका धरणाच्या जलाशयासाठी हे गाव पाडण्यात आले. ज्या माणसाच्या कल्पना खंडोखंडी पसरल्या, त्याचे जन्मगाव आज पाण्याखाली आहे.

शालेय वयात झेंगर यांच्या वाचनात कुर्ड लास्विट्स यांची मंगळावरील मानवांविषयीची कादंबरी आली आणि अवकाशप्रवासाची ओढ त्यांच्या मनात रुजली. ग्राट्स येथे ते स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेत असताना हेर्मान ओबेर्थ यांचा रॉकेटविषयक ग्रंथ त्यांच्या हाती पडला. कादंबरीने दाखवलेले स्वप्न गणिताच्या भाषेत मांडता येते, हे त्या ग्रंथाने त्यांना दाखवून दिले. त्यांनी स्थापत्याची वाट सोडली आणि विमानविद्येच्या अभ्यासासाठी व्हिएन्ना गाठले.

तेथे त्यांनी रॉकेट-उड्डाण हा विषय प्रबंधासाठी निवडला. परंतु विद्यापीठाला तो फारच काल्पनिक वाटला व नाकारण्यात आला. अखेर विमानाच्या पंखांच्या रचनेवर रीतसर प्रबंध लिहून त्यांनी पदवी मिळवली. नाकारलेला विषय मात्र त्यांनी टाकून दिला नाही. त्याच सामग्रीतून १९३३ साली 'राकेटेनफ्लुगटेक्निक', म्हणजे रॉकेट-उड्डाणाचे तंत्र, हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. परीक्षकांनी अव्यवहार्य ठरवलेला विषय या क्षेत्रातील पायाभूत ग्रंथांपैकी एक ठरला.

३. व्हिएन्नातील प्रयोग

झेंगर केवळ कागदावर गणिते मांडणारे अभ्यासक नव्हते. १९३०च्या दशकाच्या पूर्वार्धात व्हिएन्ना येथे त्यांनी द्रव इंधनावर चालणारी लहान रॉकेट-इंजिने स्वतः बांधली आणि चालवून पाहिली. इंधन आणि ऑक्सिजन यांच्या ज्वलनातून निर्माण होणारी उष्णता इंजिनाची भिंतच वितळवून टाकते, ही त्या काळातील मोठी अडचण होती. झेंगर यांनी ज्वलनकक्षाभोवती नलिकांची वेटोळी बसवून त्यांतून इंधनच खेळवले. इंधन भिंतीची उष्णता शोषून घेई आणि तापलेल्या स्थितीत ज्वलनकक्षात जाई. त्यामुळे भिंत थंड राही आणि उष्णताही वाया जात नसे. द्रव इंधनाच्या मोठ्या रॉकेट-इंजिनांमध्ये आजही हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरले जाते.

या प्रयोगांना ऑस्ट्रियाच्या शासनाकडून आधार मिळाला नाही. ज्या देशाने आधार देऊ केला, तो होता हिटलरचा जर्मनी. झेंगर यांच्या चरित्रातील पहिले निर्णायक वळण हेच होय.

४. ट्राउएन आणि 'रुपेरी पक्षी'

१९३६ मध्ये जर्मन हवाई दलाने झेंगर यांना पाचारण केले. उत्तर जर्मनीतील ल्यूनेबुर्गच्या माळरानावर ट्राउएन येथे त्यांच्यासाठी गुप्त संशोधनसंस्था उभारण्यात आली. जर्मन भूदलाचे रॉकेट-संशोधन पेनेम्युंडे येथे वेर्नर फॉन ब्राउन यांच्या हाताखाली चालले होते. ट्राउएन हे हवाई दलाचे स्वतंत्र केंद्र होते. भौतिकशास्त्राच्या विदुषी इरेने ब्रेट येथे झेंगर यांच्या सहकारी झाल्या. पुढील गणितांचा फार मोठा भाग त्यांनी पेलला आणि मुख्य अहवालावर सहलेखिका म्हणून त्यांचे नाव आहे. पुढे १९५१ मध्ये दोघे विवाहबद्ध झाले.

या दोघांनी मांडलेल्या आराखड्याचे नाव 'झिल्बरफोगेल', म्हणजे रुपेरी पक्षी. सुमारे १०० टन वजनाचे, सपाट तळाचे आणि आखूड पंखांचे हे विमान ३ किलोमीटर लांबीच्या रुळावरून रॉकेटच्या घसरगाड्याने ढकलले जाणार होते. हवेत उठल्यावर स्वतःच्या इंजिनाच्या बळावर ते वातावरणाबाहेर सुमारे १४५ किलोमीटर उंची गाठणार होते. इंजिन बंद झाल्यानंतर ते खाली येऊ लागे आणि दाट हवेच्या थराशी भिडले की सपाट तळामुळे पुन्हा वर उसळे. चपटा दगड पाण्यावर तिरका फेकला असता टप्पे घेत दूर जातो, तसे हे विमान वातावरणाच्या पृष्ठावर टप्पे घेत पृथ्वीचा मोठा भाग ओलांडणार होते.

या कल्पनेचे महत्त्व समजण्यासाठी साध्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची गती लक्षात घ्यावी. असे क्षेपणास्त्र इंजिन बंद झाल्यावर फेकलेल्या चेंडूसारखे ठरावीक वक्रमार्गाने जाते. त्या मार्गाचा आरंभीचा भाग मोजला की ते कोठे पडेल, हे सांगता येते. झेंगर आणि ब्रेट यांनी या गतीत हवेची उचल मिसळली. त्यामुळे पल्ला वाढला आणि मार्ग बदलण्याची शक्यताही निर्माण झाली. भविष्यातील शस्त्रांचे बीज या दुसऱ्या शक्यतेत होते.

५. युद्ध आणि अहवाल

शांततेच्या काळात रेखाटलेल्या या विमानावर युद्धकाळात बॉम्ब चढला. सुमारे ४,००० किलोग्रॅमचा बॉम्ब न्यू यॉर्कवर टाकून विमान प्रशांत महासागरातील जपानी ताब्याच्या प्रदेशात उतरेल, अशी योजना मांडण्यात आली. अंतराळविमानाला निधी मिळावा म्हणून झेंगर यांनी त्याला बॉम्बफेकी विमानाचे रूप दिले, असे काही अभ्यासकांना वाटते. हे मान्य केले, तरी त्यांच्या गणिताने नगरातील सामान्य माणसांना लक्ष्य ठरवले होते, ही वस्तुस्थिती बदलत नाही. चरित्रकाराने या ठिकाणी न बचाव करावा, न आततायी निर्णय द्यावा. दोन्ही बाजू वाचकापुढे ठेवाव्यात.

रशियावरील आक्रमणानंतर जर्मनीला दूरच्या प्रकल्पांसाठी साधने उरली नाहीत. १९४२ मध्ये ट्राउएनचे काम थांबले. झेंगर बव्हेरियातील आइनरिंग येथील संस्थेत गेले आणि रॅमजेट इंजिनावर काम करू लागले. या इंजिनात फिरते पाते नसते. वेगाने आत शिरणारी हवाच दाबली जाते व तिच्यात इंधन जाळले जाते. डॉर्निअर विमानाच्या पाठीवर अशी इंजिने बसवून त्यांनी उड्डाणचाचण्या घेतल्या. १९४४ मध्ये रुपेरी पक्ष्याचा सविस्तर अहवाल अतिगुप्त शिक्क्यासह सुमारे १०० प्रतींत निघाला. विमान कधीच बांधले गेले नाही. अहवाल मात्र टिकला.

६. युद्धोत्तर काळ

जर्मनीच्या पराभवानंतर हा अहवाल अमेरिका, सोव्हिएत संघ आणि फ्रान्स या तिघांच्याही हाती लागला. सोव्हिएत संघात गणितज्ञ म्स्तिस्लाव केल्दिश यांच्या नेतृत्वाखाली त्याचा अभ्यास झाला. स्टालिनला या विमानात इतका रस वाटला, की झेंगर यांना राजीखुशीने वा बळाने मॉस्कोला आणण्याची कामगिरी सोपवण्यात आली. अभियंते ग्रिगोरी तोकाती यांनी पुढे दिलेल्या वृत्तांतानुसार स्टालिनचा पुत्र वासिली आणि ते स्वतः या कामात गुंतले होते. कामगिरी फसली आणि तोकाती स्वतःच ब्रिटनच्या आश्रयाला गेले. अर्धशतकाच्या शस्त्रस्पर्धेचे स्वरूप या एका प्रसंगातून ध्यानी येते. शस्त्रापेक्षा शस्त्र कल्पिणारा मेंदू अधिक मोलाचा ठरला होता.

झेंगर या काळात फ्रान्समध्ये शासकीय विमानसंस्थेचे सल्लागार होते. १९५१ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद त्यांना मिळाले. कालपर्यंत एकमेकांचे शत्रू असलेल्या देशांतील अभ्यासकांना एकत्र आणणाऱ्या संस्थेचे प्रमुखपद रुपेरी पक्ष्याच्या जनकाकडे यावे, हा योग अर्थपूर्ण होता. १९५४ मध्ये ते जर्मनीत परतले आणि स्टुटगार्ट येथील जेटप्रणोदन संशोधन संस्थेचे संचालक झाले. प्रकाशकणांच्या रेट्यावर चालणाऱ्या फोटॉन रॉकेटची कल्पना त्यांनी याच दशकात मांडली.

परंतु शस्त्रांची सावली पुन्हा आडवी आली. इजिप्तच्या रॉकेट-कार्यक्रमाला झेंगर सल्ला देत असल्याचे उघड झाले. इस्रायलच्या सुरक्षिततेचा प्रश्न उभा राहिल्याने पश्चिम जर्मनीत वादळ उठले आणि १९६१ मध्ये त्यांना स्टुटगार्टचे पद सोडावे लागले. १९६३ मध्ये बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात त्यांना प्राध्यापकपद मिळाले. हा आधार अल्पकाळच लाभला. १० फेब्रुवारी १९६४ रोजी बर्लिन येथे वयाच्या ५८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. रुपेरी पक्ष्याच्या कल्पनेतून पुढे आलेला अमेरिकेचा 'डायना-सोअर' हा अंतराळविमान प्रकल्प त्याआधी बरोबर दोन महिने, १० डिसेंबर १९६३ रोजी रद्द झाला होता.

७. वारसा

पुढील अभ्यासात रुपेरी पक्ष्याच्या गणितातील एक उणीव स्पष्ट झाली. वातावरणाशी पहिल्यांदा भिडताना निर्माण होणारी उष्णता झेंगर व ब्रेट यांनी प्रत्यक्षापेक्षा कमी धरली होती. त्या काळच्या धातूंचे कवच तिला टिकले नसते. चिनी शास्त्रज्ञ च्यान श्वेसन यांनी अमेरिकेत असताना सुचवलेला मार्ग वेगळा होता. त्यात टप्पे घेण्याऐवजी वातावरणाच्या वरच्या थरात सलग तरंगत जायचे असते. आजची हायपरसॉनिक ग्लाइड शस्त्रे या दुसऱ्या मार्गाला अधिक जवळची आहेत. तरीही रॉकेटने वर न्यावे आणि हवेच्या उचलीने दूर पोहोचावे, हा मूळ विचार दोन्हींना समान आहे.

या विचाराला पुन्हा जोर आला तो संरक्षणाच्या प्रश्नातून. क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणारा अमेरिका व सोव्हिएत संघ यांचा १९७२ चा करार अमेरिकेने २००२ मध्ये सोडला. संरक्षक ढाल बळकट होत गेली, तर आपली क्षेपणास्त्रे निरुपयोगी ठरतील, अशी भीती रशियाला वाटू लागली. २०१९ मध्ये रशियाने 'अवांगार्द' हे ग्लाइड शस्त्र सेवेत आणले. त्याच वर्षी चीनने 'डीएफ-१७' क्षेपणास्त्र संचलनात दाखवले. अशी शस्त्रे कमी उंचीवरून येतात. त्यामुळे पृथ्वीच्या वक्रतेआड राहून ती जमिनीवरील रडारला उशिरा दिसतात, आणि मार्ग बदलत असल्याने त्यांचे लक्ष्य आधी ओळखता येत नाही. त्यांना ग्लाइडच्या टप्प्यातच पाडणारे क्षेपणास्त्र विकसित करण्याचे अमेरिका व जपान यांनी २०२३ मध्ये ठरवले. भारतानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्याजवळील डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम बेटावरून दूर पल्ल्याच्या हायपरसॉनिक क्षेपणास्त्राची चाचणी घेतली. ढालीमुळे तलवार धारदार होते आणि तलवारीमुळे ढाल जाड होते. या चक्रात निर्णयासाठी उरणारा अवधी मात्र मिनिटांवर येतो. हे शस्त्र अणुबॉम्ब घेऊन येत आहे की साधी स्फोटके, हे त्या मिनिटांत कळण्याचा मार्ग नसतो.

८. समारोप

झेंगर यांचे अंतराळविमान त्यांच्या हयातीत उडाले नाही. १९८०च्या दशकात पश्चिम जर्मनीने त्यांचे नाव दिलेला अंतराळविमानाचा प्रकल्प हाती घेतला. तोही पूर्णत्वास गेला नाही. त्यांच्या गणिताचा लष्करी अर्थ मात्र जगाने उचलून धरला. ज्ञानाला आश्रय कोण देतो, यावर ज्ञानाचा उपयोग बऱ्याच अंशी ठरतो, हे या चरित्रातून दिसते. व्हिएन्नात नाकारलेला प्रबंध एखाद्या शांतताप्रिय संस्थेने उचलून धरला असता, तर रुपेरी पक्षी कोणत्या दिशेने झेपावला असता, याचा विचार अभ्यासकाने अवश्य करावा. त्याच वेळी, आश्रय स्वीकारणाऱ्या व्यक्तीची जबाबदारी केवळ परिस्थितीवर ढकलता येत नाही, हेही विसरू नये.

९. स्वाध्याय

१. झेंगर यांच्या आयुष्यातील निर्णायक वळणे कोणती? प्रत्येक वळणाचे कारण व परिणाम स्पष्ट करा.
२. बॅलिस्टिक क्षेपणास्त्राचा मार्ग आणि रुपेरी पक्ष्याचा मार्ग यांतील फरक स्वतःच्या शब्दांत सांगा.
३. चरित्रनायकाच्या वादग्रस्त निर्णयांची मांडणी चरित्रकाराने कशी करावी? प्रस्तुत घटकाच्या आधारे चर्चा करा.