स्कॉटलंडचा बालराजा दुसरा जेम्स

ज्या स्कॉटलंड देशांतून डॉ. जॉन विल्सन इ. स. १८२९ मध्यें मुंबईस आले, त्या देशाचें नांव आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्या देशाचे कित्येक राजे पूर्वीं लागोपाठ बालपणींच गादीवर बसले. त्यांपैकीं एकाची हकीकत आज आम्ही थोडक्यांत सांगतों. पोरक्या मुलाचा ताबा ज्यांच्याकडे असतो, त्यांच्या वर्तनाचें बीज त्याच्या ठायीं कसें रुजतें, हें तीवरून चांगलें दिसून येतें.

दुसरा जेम्स याचा जन्म ता. १६ आक्टोबर १४३० रोजीं एडिंबरो शहराजवळ हॉलिरूड येथें झाला. त्याचा जुळा भाऊ तान्हेपणींच वारला. जेम्सच्या तोंडावर मोठा तांबडा डाग होता. त्यावरून लोक त्यास अग्निमुख म्हणत. त्याचा बाप पहिला जेम्स हा कडक राजा असून त्यानें पुष्कळ सरदारांस दुखविलें होतें. फेब्रुवारी १४३७ मध्यें तो पर्थ येथील एका मठांत उतरला असतां रात्रीं मारेकरी आंत शिरले. राजा जमिनीखालच्या मोरींत लपला. परंतु खेळतांना चेंडू तींत हरवत, म्हणून तिचें बाहेरचें तोंड थोड्याच दिवसांपूर्वीं त्यानें स्वतः बुजविलें होतें, असें सांगतात. तेथेंच तो मारला गेला. राणी जखमी झाली, तरी वांचली. ता. २५ मार्च रोजीं सहा वर्षांच्या जेम्सच्या मस्तकीं मुकुट ठेवण्यांत आला.

राज्यकारभार प्रथम डग्लस घराण्याचा मुख्य सरदार आर्किबाल्ड पाहत असे. तो १४३९ सालीं वारला. तेव्हां एडिंबरोचा किल्लेदार क्रायटन व स्टर्लिंगचा किल्लेदार लिव्हिंग्स्टन यांच्यांत चुरस लागली. ज्याच्या हातीं बालराजा, त्याच्याच शब्दास राजाज्ञेचें बळ! लिव्हिंग्स्टननें राजमातेस कैदेंत टाकिलें, आणि मुलाचा ताबा मिळाल्यावरच तिला सोडिलें.

पुढें हे दोघे वैरी एक झाले, पण तें एका दुष्ट कामासाठीं. आर्किबाल्डचा सुमारें सोळा वर्षांचा मुलगा आतां डग्लस घराण्याचा मुख्य झाला होता. त्यास व त्याच्या धाकट्या भावास नोव्हेंबर १४४० मध्यें एडिंबरोच्या किल्ल्यांत राजाच्या पंक्तीस बोलाविलें, आणि त्यांस पकडून, खटल्याचें सोंग करून, दोघांचाहि शिरच्छेद केला. ताटांत काळ्या बैलाचें मुंडकें आणून ठेविलें, ही गोष्ट मागाहून जोडलेली दिसते. दहा वर्षांच्या राजानें रडून त्यांच्या जिवाची भीक मागितली, अशीहि दंतकथा आहे. तें कसेंहि असो. पाहुण्यास जेवावयास बोलावून मारावें, हा धडा त्याच्या पालकांनीं त्याच्या डोळ्यांदेखत घातला.

१४४९ सालीं जेम्सचें मेरी ऑफ गेल्डर्स हिच्याशीं लग्न झालें व त्यानें कारभार हातीं घेतला. लिव्हिंग्स्टन घराण्याच्या लोकांस त्यानें बंदींत टाकिलें. दोघांस देहान्त शिक्षा झाली. पुढें डग्लस घराण्याचा नवा मुख्य विल्यम यानें दुसऱ्या बलाढ्य सरदारांशीं करार केला. राजानें अभयपत्र देऊन त्यास स्टर्लिंगच्या किल्ल्यांत आणिलें. ता. २२ फेब्रुवारी १४५२ रोजीं रात्रीं भोजनानंतर राजानें त्यास तो करार मोडण्यास सांगितलें. त्यानें नाकारितांच एकवीस वर्षांच्या राजानें आपल्या हातानें त्यास भोंसकलें, व दरबारी लोकांनीं त्यास ठार केलें. पार्लमेंटानें राजास निर्दोषी ठरविलें. परंतु दिलेलें वचन मोडल्याचा डाग तोंडावरील डागापेक्षां अधिक गडद राहिला.

जेम्स सर्वस्वीं वाईट राजा होता असें आम्ही म्हणत नाहीं. त्याच्या कारकीर्दींत, १४५१ सालीं, ग्लासगो येथील विद्यापीठ स्थापन झालें. १४५५ मध्यें डग्लसांचें बळ मोडून त्यानें देशांतील मोठी यादवी मिटविली. तोफांचा त्यास फार नाद असे. ता. ३ आगस्ट १४६० रोजीं इंग्रजांच्या ताब्यांतील रॉक्सबरोच्या किल्ल्यास वेढा असतां, तो जवळ उभा असलेली एक तोफ फुटली व तो मरण पावला. तेव्हां त्याचें वय २९ वर्षांचें होतें. राणीनें वेढा न उठवितां किल्ला घेतला, आणि केल्सो येथें आठ-नऊ वर्षांच्या मुलास राज्याभिषेक करविला. त्या मुलासहि १४६६ मध्यें बॉइड घराण्याच्या सरदारांनीं पळवून आपल्या ताब्यांत घेतलें!

असो. आमच्या गांवांत कोणी राजपुत्र नाहींत. परंतु आईबाप गेलेलीं मुलें व त्यांचीं चार बिघे जमीन सांभाळणारे चुलते-मामे घरोघर आहेत. मुलाचा ताबा घेणें निराळें आणि त्याचा सांभाळ करणें निराळें. आपल्या पंक्तीस बसून तें मूल काय पाहत आहे, याचा त्यांनीं विचार करावा.