राजा बख्त बुलंद

रोहण्याहून कामानिमित्त नागपूरला जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल की, ते शहर एका नवमुस्लिम गोंड राजाने वसविले? देवगडच्या गादीवरून भाऊबंदकी माजली, तेव्हा हे राजपुत्र बादशहा औरंगजेबाच्या आश्रयास गेले. १६८६ च्या सुमारास त्यांनी इस्लाम स्वीकारला, गादी मिळविली आणि बख्त बुलंद, म्हणजे उन्नत भाग्याचा, हे नाव धारण केले. रोटीव्यवहार मुस्लिमांशी, बेटीव्यवहार मात्र गोंडांतच, अशी त्यांची अट होती असे सांगतात.

हे ईमानासाठी की राज्यासाठी? अंतःकरणातले अल्लाहच जाणतो. परंतु पुढे त्याच बादशहाशी त्यांचे वैर जडले. मोगली मुलखावर त्यांनी स्वाऱ्या केल्या, छत्रपती राजारामांकडे साहाय्य मागितले. संतापलेल्या बादशहाने त्यांना निगूनबख्त, म्हणजे पालथ्या नशिबाचा, म्हणण्याचे फर्मावले. बादशाही मर्जी गेली, तरी दीन राहिला. घराण्यानेही तो सोडला नाही.

१७०२ च्या सुमारास त्यांनी बारा लहान वस्त्या जोडून नागपूर उभारले. शेतकरी व कारागीर बोलावले, त्यांत हिंदूही होते, मुसलमानही. पुत्र चाँद सुलतान यांनी राजधानीच तेथे नेली, शहराला तट घातला, जुम्मा तलाव बांधला. त्यांच्या पश्चात वारसाहक्काचा तंटा उद्भवला व विधवा राणी रतनकुंवर यांनी रघूजी भोसल्यांना मदतीस बोलावले. सत्ता भोसल्यांकडे गेली. गोंड राजे तनखा घेऊन आपल्या किल्ल्यात राहिले.