एकाच गळ्यातले बापलेक

बोलक्या बाहुल्यांचा विषय निघाला, की आपल्याला पाध्ये यांचे अर्धवटराव आठवतात. मीही त्यातलाच. अर्धवटराव बोलू लागले, की लहानपणी मी त्यांच्याकडेच टक लावून बघायचो. शेजारच्या माणसाकडे लक्षच जायचे नाही. त्या माणसाकडे बघायला मला शिकवले ते योसेफ स्कूपा यांच्या चरित्राने.

स्कूपा चेक. जन्म १८९२ चा, स्त्राकोनित्से गावातला. तो मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होता आणि कचेऱ्यांत जर्मनचा तोरा होता. पण गाडा घेऊन गावोगाव फिरणारे कळसूत्रीवाले खेळ करायचे ते चेक भाषेतच. आपल्याकडच्या पिंगुळीच्या ठाकरांसारखी ही पिढीजात कला. स्कूपा त्या घराण्यातले नव्हते. ते प्राग येथे कला शिकले आणि पिल्झेन शहरात चित्रकलेचे मास्तर झाले. (त्यांच्या हाताखालचा यिर्झी त्रंका पुढे बाहुलीपटांसाठी जगभर गाजला. एखाद्या मास्तरांना एवढेही पुरले असते!) तिथल्या हौशी बाहुली रंगमंचावर कारेल नोव्हाक या जुन्या कळसूत्रीवाल्याबरोबर त्यांनी काम केले. १९१८ मध्ये साम्राज्य कोसळत असताना त्यांच्या काश्पारेक या विदूषक बाहुलीने रंगमंचावर ऑस्ट्रियाला मूठमाती दिली.

१९२० च्या सुमारास त्यांनी श्पेय्बल हे पात्र उभे केले. टक्कल, सुपाएवढे कान, अंगात पार्टीला घालायचा काळा कोट, हातात पांढरे मोजे आणि पायात मात्र लाकडी खडावा! सगळे कळते असा आव आणणारा, पण फारसे काही न कळणारा गृहस्थ. १९२६ मध्ये गुस्ताव नोसेक या कारागिराने तसाच एक छोटा पोरगा कोरला. त्याचे नाव हुर्वीनेक. बाप घोगऱ्या आवाजात उपदेश करणार आणि पोरगा चिरक्या आवाजात असा प्रश्न टाकणार, की बापाची बोलती बंद. दोन्ही आवाज स्कूपांचेच. घरोघरी चालणारा हा संवाद एकच माणूस दोन्ही बाजूंनी बोलत होता! १९३० मध्ये त्यांनी व्यावसायिक मंडळी काढली आणि ही जोडी देशभर हिंडली.

१९३९ मध्ये हिटलरचे सैन्य प्रागमध्ये शिरले. उघड बोलायची सोय उरली नाही. स्कूपांनी खेळ थांबवले नाहीत. गोष्ट वरवर परीकथेसारखी असायची आणि प्रेक्षक त्यातला दुसरा अर्थ बरोबर उचलायचे. लाकडाच्या तोंडचे शब्द पकडायचे तरी कसे? शेवटी जानेवारी १९४४ मध्ये गेस्टापोने माणसालाच पकडले. बाहुल्याही जप्त करून लोखंडी कपाटात कोंडल्या, अशी हकिकत सांगतात. मला ती हास्यास्पद वाटत नाही. उलट त्या अधिकाऱ्यांना बाहुल्यांचे मोल चांगले कळले होते, असेच वाटते.

स्कूपांना ड्रेस्डेनच्या तुरुंगात ठेवले होते. फेब्रुवारी १९४५ मध्ये त्या शहरावर बाँबचा वर्षाव झाला आणि तुरुंगही पेटला. त्या आगडोंबातून स्कूपा निसटले आणि मायदेशी परतले. हजारो माणसांचा बळी घेणाऱ्या त्या रात्रीने त्यांना मात्र सोडवले. त्याच वर्षी प्रागमध्ये त्यांचे नाट्यगृह सुरू झाले. १९४८ मध्ये राष्ट्रीय कलावंत हा किताबही मिळाला.

पण मला सर्वांत मोठी वाटते ती त्यांची शेवटची कृती. आवाज हीच ज्याची मिळकत, तो माणूस ती सहसा सोडत नाही. गवयाच्या घरचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर असतेच. आपली खास चीज उरात घेऊन जाणारे कितीतरी. स्कूपांनी मिलोश किर्शनर या तरुणाला हाताशी धरले आणि १९५६ मध्ये दोन्ही आवाज त्याच्या हवाली केले. पुढच्या जानेवारीत, पासष्टी गाठायला आठवडा उरला असताना, ते गेले.

किर्शनर यांनी बापलेकांना अनेक परक्या भाषा बोलायला लावल्या. १९९६ मध्ये तेही गेले आणि आवाज पुढच्या गळ्यात गेला. २०१६ मध्ये युनेस्कोने चेक आणि स्लोवाक बाहुलीनाट्याला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले. प्रागच्या देयवित्से भागातल्या नाट्यगृहात श्पेय्बल अजून उपदेश करतो आहे आणि शंभरीला टेकलेला हुर्वीनेक अजून शाळेतच जातो आहे.