बर्फावरची सम्राज्ञी आणि पाच पंचांचा कौल

धावण्याच्या शर्यतीत घड्याळ निकाल देते, फुटबॉलमध्ये गोल. फिगर स्केटिंगचे तसे नाही. तेथे श्रेष्ठ कोण हे पंच ठरवतात आणि लाडके कोण हे प्रेक्षक. हे दोन कौल जुळले नाहीत की वाद उभा राहतो. नॉर्वेच्या सोन्या हेनीला मात्र आयुष्यभर दोन्ही कौल लाभले, आणि तरीही तिच्या पहिल्याच विश्वविजेतेपदावर पडलेले प्रश्नचिन्ह पुसले गेले नाही.

८ एप्रिल १९१२ रोजी क्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लो शहरात सोन्याचा जन्म झाला. वडील विल्हेल्म फरचे धनाढ्य व्यापारी आणि एके काळचे सायकलिंगमधील जगज्जेते. मुलीचा कल ओळखून त्यांनी पैसा आणि वेळ हात आखडता न घेता खर्च केला. उत्तमोत्तम शिक्षक नेमले. १९२४ मध्ये शामोनी येथील पहिल्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये सोन्या उतरली, तेव्हा ती अवघी ११ वर्षांची होती. आठ स्पर्धकांत ती आठवी आली. सुवर्णपदक ऑस्ट्रियाच्या हर्मा साबोने पटकावले.

या दोघींची निर्णायक गाठ पडली ती १९२७ मध्ये, ऑस्लोच्या जागतिक स्पर्धेत. साबो १९२२ पासून सलग पाच वर्षे विश्वविजेती होती. सोन्या १४ वर्षांची, घरच्या प्रेक्षकांची लाडकी. त्या काळच्या पद्धतीनुसार प्रत्येक पंच आपल्या गुणांवरून स्पर्धकांचा क्रम लावी आणि बहुसंख्य पंचांनी जिला पहिले स्थान दिले ती विजेती ठरे. पंच होते पाच. त्यांपैकी तिघे नॉर्वेचेच. त्या तिघांनी सोन्याला पहिले स्थान दिले, तर ऑस्ट्रिया आणि जर्मनीच्या पंचांनी साबोला. तीन विरुद्ध दोन अशा मतांनी विजेतेपद नॉर्वेकडे गेले. मोठा गहजब झाला. पुढे आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने एका देशाचा एकच पंच असा नियम केला. पण तो निकाल कायम राहिला. दुखावलेल्या साबोने लवकरच स्पर्धात्मक स्केटिंगचा निरोप घेतला.

सोन्याचे यश केवळ पंचांच्या मेहेरबानीचे होते काय? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. नियम बदलल्यानंतरही ती हरली नाही. १९२८ मध्ये सेंट मॉरिट्झ, १९३२ मध्ये लेक प्लॅसिड आणि १९३६ मध्ये गार्मिश-पार्टेनकिर्शेन अशी तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके आणि १९२७ ते १९३६ अशी सलग दहा जागतिक विजेतेपदे तिने मिळवली. महिलांच्या एकेरीत हा विक्रम आजही अबाधित आहे. तेव्हा निम्म्याहून अधिक गुण बर्फावर ठरावीक आकृत्या बिनचूक कोरण्याला असत. प्रेक्षकांना त्यात काडीचाही रस नसे. सोन्याने ती कंटाळवाणी परीक्षाही दिली आणि मुक्त स्केटिंगमध्ये बॅलेचे लालित्य आणून प्रेक्षकांनाही जिंकले. तिचे आखूड घागरे, पांढरे बूट यांचे अनुकरण जगभर झाले. न्यूयॉर्क आणि प्राग येथे तिला पाहण्यासाठी लोटलेली गर्दी आवरायला पोलिसांना पाचारण करावे लागले.

मात्र १९३६ मध्ये इंग्लंडची सेसिलिया कॉलिज तिच्या अगदी जवळ येऊन ठेपली होती. वारे ओळखून सोन्याने त्याच वर्षी हौशी स्पर्धांना रामराम ठोकला. हॉलिवूडमधील बर्फाचे मैदान भाड्याने घेऊन तिने स्वतःचे प्रयोग केले आणि ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्सचा करार मिळवला. आता पंच नव्हते. निकाल तिकीट खिडकीवर लागत होता. १९३८ मध्ये अमेरिकेतील चित्रपटगृहचालकांच्या कौलात शर्ली टेम्पल आणि क्लार्क गेबल यांच्या पाठोपाठ तिसरे नाव सोन्या हेनीचे होते. तिच्या बर्फावरील नृत्यप्रयोगांनी तिला अमाप संपत्ती मिळवून दिली.

पण लोकप्रियतेचा न्यायही निर्मळ नसतो. बर्लिनमध्ये तिने हिटलरला नाझी पद्धतीची सलामी दिली, त्याच्याबरोबर भोजन घेतले. मायदेशी त्यावर टीकेची झोड उठली. पुढे नॉर्वे जर्मनांच्या टाचेखाली आला, तेव्हा तिने स्वदेशाच्या प्रतिकाराला पुरेसा हात दिला नाही, हा राग नॉर्वेवासीयांच्या मनात बराच काळ धुमसत राहिला. १९५३ मध्ये ऑस्लोत तिचे प्रयोग झाले आणि प्रेक्षकांनी तिचे उत्साहाने स्वागत केले. टाळ्यांनी तिला पुन्हा आपले म्हटले. त्या जुन्या आक्षेपांचे उत्तर मात्र टाळ्यांपाशी नव्हते.

१९५६ मध्ये तिने नॉर्वेचे जहाजमालक नील्स ऑनस्टाड यांच्याशी विवाह केला. दोघांच्या कलासंग्रहातून ऑस्लोजवळ हविकोड्डेन येथे १९६८ मध्ये कलाकेंद्र उभे राहिले. पुढच्याच वर्षी, १२ ऑक्टोबर १९६९ रोजी, पॅरिसहून ऑस्लोला जाताना विमानातच रक्ताच्या कर्करोगाने तिचा मृत्यू झाला. ती ५७ वर्षांची होती.

सोन्याने गाजवलेल्या त्या अनिवार्य आकृत्या १९९० मध्ये स्पर्धांतून हद्दपार झाल्या. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमध्ये पंचांच्या संगनमताचा वाद उसळला आणि २००४ मध्ये गुणांकनाची नवी पद्धत आली. नियम बदलत गेले, माणसांच्या नजरेवरचे अवलंबन सुटले नाही. सोन्याची पदके आणि चषक आज त्या कलाकेंद्रात झळकतात. नंतरच्या नऊ जागतिक विजेतेपदांनी तिची योग्यता निर्विवाद सिद्ध केली. पण १९२७ च्या त्या दिवशी बर्फावर सरस कोण होते, याचा निवाडा ती नऊ विजेतेपदे करू शकत नाहीत. हर्मा साबोच्या वाट्याला मात्र ती सिद्धता करण्याची दुसरी संधीच आली नाही.