परंधामचा ऋषिशेतकरी

आचार्य विनोबा भावे यांचे नाव घेताच भूदानाची पदयात्रा डोळ्यांसमोर येते. मात्र इतरांकडे जमीन मागण्यापूर्वी या माणसाने वर्धा जिल्ह्यातील पवनार येथे स्वतःच्या हातांनी माती खणली होती, हे फारसे आठवले जात नाही.

कोकणातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेले विनोबा १९२१ मध्ये गांधीजींच्या सांगण्यावरून वर्ध्याचा आश्रम सांभाळण्यास आले. पुढे नालवाडीत केवळ कताईच्या मजुरीवर जगण्याच्या प्रयोगात त्यांची प्रकृती ढासळली. १९३८ मध्ये वजन अवघे ८८ पौंड उरले, तेव्हा विश्रांतीसाठी ते धाम नदीकाठच्या, जमनालाल बजाज यांच्या पवनार येथील बंगल्यात आले. औषधोपचारांऐवजी त्यांनी कुदळ हाती घेतली. प्रथम काही मिनिटे, मग हळूहळू अधिक वेळ ते जमीन खणू लागले आणि शरीर सावरले. याच खोदकामात राम-भरत भेटीचे प्राचीन शिल्प सापडले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीता प्रवचनांत त्यांनी नेमक्या याच भेटीचे चित्र कल्पिले होते.

स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या आरंभी, विनोबांनी परंधाम आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. अन्न आणि वस्त्र श्रमातूनच मिळवायचे, पैशाचा आधार घ्यायचा नाही, असा हा संकल्प होता. आरंभ भाजीपाल्यापासून झाला. बैलांचीही मदत न घेता, केवळ माणसाच्या बळावर करावयाच्या या शेतीला त्यांनी ऋषिशेती असे नाव दिले. विदर्भातल्या उन्हाळ्यात खरा प्रश्न पाण्याचा होता. त्यासाठी विहीर खणण्यात आली. बैलांच्या जागी आश्रमवासी रहाट ओढू लागले आणि त्या कष्टालाच प्रार्थनेची जोड मिळाली. ज्या गीताईची रचना विनोबांनी केली, तिचे श्लोक म्हणत वाफ्यांना पाणी दिले जाई. सुशिक्षित तरुणांच्या तळहातांना घट्टे पडले.

हा प्रयोग सुरू असतानाच मार्च १९५१ मध्ये विनोबा सर्वोदय संमेलनासाठी पायी शिवरामपल्लीकडे निघाले. पुढे तेलंगणातील पोचमपल्ली येथे १८ एप्रिल रोजी दलितांनी ८० एकर जमिनीची गरज सांगितली, तेव्हा रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. भूदानाचा उगम तो हाच. त्यानंतर अनेक वर्षे विनोबा देशभर चालत राहिले आणि लाखो एकर जमीन दानात मिळाली. त्यातील बरीच नापीक निघाली, बरीच वाटपावाचून राहिली. चळवळीचे हे अपुरेपण इतिहासाने नोंदविले आहे. तथापि भूमिहीनाला जमीन हवी, ती कसण्यासाठी, हा त्यांचा आग्रह पुस्तकी नव्हता. परंधामच्या वाफ्यांत तो घामाने पारखलेला होता.

१९५९ मध्ये स्त्रियांसाठी स्थापन केलेल्या ब्रह्मविद्या मंदिरातही त्यांनी साधनेला शरीरश्रमाची जोड दिली. १९७० मध्ये ते पवनारला स्थिरावले. अखेरच्या आजारात अन्न, पाणी व औषधे वर्ज्य करून १५ नोव्हेंबर १९८२ रोजी त्यांनी तेथेच देह ठेवला. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.