ताटल्यांच्या मापाने घडलेले यंत्र

तांबडा-पांढरा रस्सा वाढून पंगत उठली की तेलकट ताटवाट्यांचा ढीग मागे राहतो. आता कोल्हापुरातही काही घरांत हे काम डिशवॉशर करतो. या यंत्राला आजच्या वाटेवर आणणाऱ्या जोसेफिन कॉक्रन यांनी मात्र इंजिनिअरिंगचे शिक्षण घेतलेले नव्हते.

त्यांचा जन्म ८ मार्च १८३९ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. वडील जॉन गॅरिस इंजिनिअर होते. वाफेच्या बोटीचे पेटंट मिळवणारे जॉन फिच हे आजोळच्या घराण्यातले. १८५८ मध्ये विल्यम कॉक्रन यांच्याशी लग्न झाले आणि पुढे संसार इलिनॉय राज्यातील शेल्बीव्हिलमध्ये थाटला गेला. घरी सतत मेजवान्या होत. चिनी मातीची ठेवणीतली भांडी धुताना नोकरांच्या हातून त्यांचे टवके उडत. शेवटी जोसेफिन स्वतःच भांडी धुऊ लागल्या आणि त्या कामाला कंटाळल्या.

१८८३ मध्ये पतीचे निधन झाले. मागे कर्ज राहिले. आतापर्यंत डोक्यात घोळणारी कल्पना आता पोटापाण्याचा प्रश्न बनली. त्यांनी ताटल्या, कप, बशा यांची मापे घेतली आणि प्रत्येकासाठी तारेचे कप्पे केले. ते तांब्याच्या हंड्यातील आडव्या चाकावर बसवले. चाक फिरे आणि खालून साबणाच्या गरम पाण्याचा मारा होई. जोडणीच्या कामात जॉर्ज बटर्स या मेकॅनिकची मदत झाली. २८ डिसेंबर १८८६ रोजी पेटंट मिळाले.

भांडी धुण्याची यंत्रे त्याआधीही निघाली होती, पण ती चालली नाहीत. जोसेफिन यांनी भांडे जागेवर घट्ट धरले आणि घासण्याऐवजी पाण्याच्या दाबावर भर दिला. गरम पाण्याने तेल पातळ होते, साबण ते पाण्यात ओढून घेतो आणि दाब ते वाहून नेतो. हाताला न सोसणारे गरम पाणी यंत्राला चालते, त्यामुळे जंतूही कमी होतात.

पहिली गिऱ्हाइके शिकागोची मोठी हॉटेले होती. विक्रीसाठी जोसेफिन स्वतः जात. एकट्या बाईने हॉटेलात पाऊल टाकणेही तेव्हा धाडसाचे होते. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात यंत्राला पारितोषिक मिळाले. घरोघरी मात्र ते पोहोचले नाही. किंमत जास्त होती आणि एवढे गरम पाणी पुरवण्याची सोय बहुतेक घरांत नव्हती. ऑगस्ट १९१३ मध्ये जोसेफिन यांचे निधन झाले. १९२६ मध्ये त्यांची कंपनी होबार्टने घेतली आणि १९४९ मध्ये किचनएड नावाने घरगुती डिशवॉशर बाजारात आला.

आजच्या यंत्रात भांडी स्थिर राहतात आणि पाण्याचे पंखे फिरतात. तत्त्व तेच आहे. दाबाचे पाणी बंद पेटीत कोंडायचे असल्याने फट मिळाली की गळती होणारच. ती दिसताच आधी प्लग काढावा, मग पाण्याचा नळ बंद करावा. दाराभोवतीच्या रबरात, विशेषतः खालच्या कडेला, खरकटे साचले असेल तर ओल्या फडक्याने पुसावे. रबर तडकले असेल तर बदलावे. हाताने भांडी घासायचा साबण आत घातला असेल तर फेस दारातून बाहेर येतो. यंत्र कलंडलेले आहे का, मागच्या पाइपची क्लिप सैल आहे का, पंखा तडकून पाणी दारावर तर मारत नाही ना, हेही पाहावे. एवढे करूनही खालून पाणी येत असेल तर पंपाचे सील गेलेले असू शकते. तिथे मात्र मेकॅनिकच बोलवावा, कारण पाणी आणि वीज तिथे शेजारीशेजारी असतात.